झाकलेली बाटली, पुसलेले नाव : ‘बॉटल शॉक’ या चित्रपटाविषयी

एखाद्या वस्तूची पारख करताना आपण वस्तू पाहतो की तिच्यावरचे नाव, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कापडाच्या दुकानात मिलचे नाव वाचूनच पोत चांगला असल्याचे आपण ठरवून टाकतो. मुशायऱ्यात शायराचे नाव पुकारले की शेर ऐकण्याआधीच ‘वाह वाह’ करणारे काही कमी नसतात. आणि टपालाने आलेली कविता संपादक आधी वाचतात की पाकिटावरचे नाव आधी वाचतात, ही शंका तर प्रत्येक नव्या कवीच्या मनात असते. मग नाव झाकूनच पारख केली तर? हा प्रयोग १९७६ साली पॅरिसमध्ये खरोखर झाला. फ्रान्समधील नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियातील फारशा कोणाला ठाऊक नसलेली वाइन, दोन्हींची नावे झाकून, फ्रेंच जाणकारांसमोर ठेवण्यात आली. त्या घटनेवर अमेरिकन दिग्दर्शक रँडल मिलर यांनी काढलेला ‘बॉटल शॉक’ हा चित्रपट २००८ साली पडद्यावर आला.

या अंकाच्या वाचकाला पहिला प्रश्न पडेल तो असा की, वाइनवरच्या चित्रपटाशी आपला संबंध काय? शराब आपल्याला हराम आहे. त्याबाबत आपल्यात दुमत नाही आणि हा लेख तो विषय उघडणारही नाही. परंतु साकी, जाम आणि मयखाना हे शब्द उर्दू शायरीच्या वाचकाला परके नाहीत. रियाज खैराबादी यांनी मदिरेवर इतके लिहिले की ते त्याच विषयाचे शायर म्हणून ओळखले गेले. आणि त्यांनी स्वतः ती कधी चाखली नाही, असेही त्यांच्याबद्दल आवर्जून सांगितले जाते. प्याल्याच्या निमित्ताने शायर काय बोलतो याकडे आपण लक्ष देतो. ‘बॉटल शॉक’कडेही तसेच पाहावे. या चित्रपटाचा गाभा चवीचा नाही, इन्साफचा आहे. आणि माझी तक्रारही तिथेच आहे, ती आधीच सांगून टाकते. बाटलीवरचे नाव झाकल्यामुळे न्याय झाला, असे हा चित्रपट अभिमानाने सांगतो. पण ज्याच्या हातांनी ती वाइन घडली त्या माणसाचे नाव मात्र तो स्वतःच पुसून टाकतो.

आधी मूळ घटना थोडक्यात पाहू. स्टीव्हन स्परियर नावाचा एक इंग्रज तरुण पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवत असे. वाइनची पारख शिकवणारी एक शाळाही त्याने काढली होती. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे दोनशेवे वर्ष. ते निमित्त साधून स्परियर आणि त्याची अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांनी २४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात हा कार्यक्रम घडवून आणला. नऊ फ्रेंच परीक्षक बोलावले होते. कोणी मळेमालक, कोणी नामांकित उपाहारगृहाचे चालक, तर ओदेत कान या फ्रान्समधील वाइनविषयक प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संपादक. दहा पांढऱ्या वाइन आणि दहा लाल वाइन होत्या. प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या. गुण वीसपैकी द्यायचे होते. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांमध्ये नापा खोऱ्यातील ‘शातो मोंतेलेना’ची १९७३ सालची शार्दोने पहिली आली, आणि लाल वाइनमध्ये त्याच खोऱ्यातील ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ची १९७३ सालची कॅबरने सोव्हिन्यॉं पहिली आली. ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली, ती त्यांना मिळाली नाही.

या कार्यक्रमाला हजर असलेला वार्ताहर फक्त एक, ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. कोणत्या पेल्यात कोणती वाइन आहे याची यादी त्यांच्या हातात होती. त्यामुळे परीक्षक कॅलिफोर्नियाच्या वाइनला फ्रेंच समजून दाद देत आहेत आणि फ्रेंच वाइनला नाके मुरडत आहेत, हे ते समोर पाहत होते. त्यांची बातमी छोटीच होती, पण तिने जगभर खळबळ उडवली. ग्रीक पुराणात पॅरिस नावाचा राजपुत्र तीन देवींमध्ये सुंदर कोण याचा निवाडा करतो. त्या कथेवरून या प्रसंगाला ‘पॅरिसचा निवाडा’ असे नाव पडले आणि ते आजही चालते.

चित्रपटाने या घटनेभोवती एक कौटुंबिक कथा विणली आहे. जिम बॅरेट (बिल पुलमन) हा वकिली सोडून नापात आलेला, कर्जात बुडालेला, हट्टी माणूस. त्याचा मुलगा बो (ख्रिस पाइन) लांब केसांचा, बेफिकीर. बापाला त्याचा भरवसा नाही. दोघांमध्ये कुरबूर झाली की मळ्यातच बॉक्सिंगचे हातमोजे चढवून ते एकमेकांना ठोसे मारतात. मळ्यावर गुस्ताव्हो (फ्रेडी रॉड्रिग्ज) हा मेक्सिकन कुटुंबातला तरुण काम करतो आणि मालकाच्या नकळत स्वतःची वाइनही करतो. शिकाऊ म्हणून सॅम नावाची मुलगी येते आणि दोन्ही तरुणांची मने विचलित होतात. तिकडे पॅरिसमध्ये स्परियरचे (अ‍ॅलन रिकमन) दुकान चालत नाही. शेजारच्या अमेरिकन माणसाच्या बोलण्यावरून तो कॅलिफोर्नियाला येतो, आणि दोन कथा एकत्र येतात. ऐन वेळी जिमची शार्दोने बाटल्यांमध्ये तपकिरी पडते, तो सगळा माल फेकून द्यायला सांगतो आणि पुन्हा वकिलीकडे वळतो. पण हा रंग तात्पुरता असतो. वाइन पुन्हा सोनेरी होते, बो ती घेऊन पॅरिसला जातो आणि विजयी होतो.

चित्रपटाचे गुण मान्य केले पाहिजेत. त्यातला सर्वांत मोठा गुण म्हणजे अ‍ॅलन रिकमन. १९७६ साली खरा स्परियर अवघा चौतीस वर्षांचा होता, आणि रिकमन यांनी हे काम केले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तरीही ते पात्र पटते. सुटाबुटातला, नाक वर करून बोलणारा हा इंग्रज माणूस नापाच्या धुळीच्या रस्त्यावर येतो, त्याच्या गाडीचे चाक पंक्चर होते, मळेवाले त्याच्याकडून वाइन चाखण्याचेही पैसे घेतात, आणि तरी एकेका घोटाबरोबर त्याचा चेहरा बदलत जातो. इथे आपल्याला हसू येते, पण त्या हसण्यात तुच्छता नाही. जाणकाराला आपले मत बदलावे लागते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आधी शंका येते, मग कुतूहल, मग थोडी शरम आणि शेवटी आनंद. रिकमन हे सारे संवादाशिवाय दाखवतात. शिकवण्याचा पेशा असणाऱ्या कोणालाही हे क्षण ओळखीचे वाटतील. ज्या मुलाकडून अपेक्षाच नव्हती त्याने वहीत काही अस्सल लिहिलेले सापडते, तेव्हा शिक्षकाचा चेहरा असाच होतो.

दुसरा गुण चित्रपटाच्या नावात आहे. बाटलीत भरल्यावर किंवा लांबच्या प्रवासानंतर वाइन काही काळ जणू बधिर होते, तिचा वास आणि चव दबते, मग ती हळूहळू पूर्ववत होते. या अवस्थेला त्या धंद्यात ‘बॉटल शॉक’ म्हणतात. चित्रपटात बाटल्या पॅरिसला नेताना विमानतळावर अडचण येते, तेव्हा अनोळखी प्रवासी एकेक बाटली आपापल्या हातात घेऊन त्या पलीकडे पोचवतात. प्रत्यक्षातही फ्रान्सच्या सहलीला निघालेल्या नापाच्या मंडळींनी त्या बाटल्या आपल्या सामानातून नेल्या होत्या. हा प्रसंग मनाला भिडतो. नव्या मुलखातली वस्तू जुन्या दरबारात पोचते ती अनेक हातांनी, हे तो न बोलता सांगतो. दुर्दैवाने, हे हात कोणाचे होते हा प्रश्न चित्रपट इथेच सोडून देतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बी.एड.च्या वर्गात मूल्यमापन शिकवताना तीन शब्द हमखास येतात : वस्तुनिष्ठता, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तपासणाऱ्याच्या आवडीनिवडीचा गुणांवर परिणाम होऊ नये, ही वस्तुनिष्ठता. पुन्हा तपासले तरी निकाल फारसा बदलू नये, ही विश्वसनीयता. आणि जे मोजायचे आहे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो, तो यासाठीच. नाव दिसले की त्याबरोबर घराणे दिसते, मोहल्ला दिसतो, शाळा दिसते, आणि पेन आपोआप सैल किंवा घट्ट होते. माणूस वाईट असतो म्हणून असे होत नाही. मनाची घडणच तशी असते. पॅरिसच्या परीक्षकांच्या बाबतीत हेच उघडे पडले. ते अप्रामाणिक नव्हते. त्यांना इतकी वर्षे बाटलीवरच्या नावासकट चाखायची सवय होती, एवढेच.

या ठिकाणी चित्रपटाने फ्रेंच परीक्षकांवर थोडा अन्याय केला आहे असे मला वाटते. पडद्यावर ते बहुतांशी घमेंडखोर आणि हास्यास्पद दिसतात. पण विचार करा, कॅलिफोर्नियाला पहिला क्रमांक दिला कोणी? याच नऊ जणांनी. स्परियर आणि गॅलाघर यांनीही गुण दिले होते, परंतु ते निकालात धरले नाहीत. म्हणजे कॅलिफोर्नियाचा विजय शंभर टक्के फ्रेंच जिभांनी घोषित केलेला आहे. निकालानंतर चडफडणे हा मानवी स्वभाव झाला. पण निकालाआधी नाव झाकून गुण द्यायला ते तयार झाले, हे त्यांचे मोठेपण चित्रपटात कुठेच येत नाही. हरणाऱ्याला विदूषक केले की जिंकणाऱ्याचा विजयही हलका होतो, ही साधी गोष्ट पटकथेच्या लक्षात आली नाही.

निकालाच्या विश्वसनीयतेबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण चित्रपटात हा विजय निर्विवाद दिसतो. लाल वाइनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर प्रत्यक्षात अगदी निसटते होते. दुसरी आली ती बोर्दोची सुप्रसिद्ध ‘मूतों रोथशिल्ड’. एकाच वाइनला एका परीक्षकाने भरपूर आणि दुसऱ्याने जेमतेम गुण दिल्याचीही उदाहरणे आहेत. फ्रेंचांचा पुढचा युक्तिवाद असा होता की आमची वाइन मुरायला वेळ घेते, काही वर्षांनी पाहा. म्हणून २००६ साली, तीस वर्षांनी, त्याच लाल वाइन लंडन आणि नापा येथे पुन्हा चाखण्यात आल्या. तेव्हा पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या; मात्र पहिला क्रमांक ‘स्टॅग्ज लीप’चा न राहता ‘रिज’च्या १९७१ सालच्या वाइनचा झाला. यातून काय दिसते? क्रमांक बदलतात, पण नवा मुलूख जुन्याच्या तोडीचा आहे हे टिकून राहते. चित्रपटाने ही बारीक गोष्ट सांगितली असती तर त्याचा विजय अधिक खरा वाटला असता.

आता त्या पुसलेल्या नावाविषयी. पांढऱ्यांमध्ये पहिली आलेली मोंतेलेनाची १९७३ सालची शार्दोने ज्याने घडवली त्या माणसाचे नाव मिलियेंको ग्रगिच. नापात त्याला माइक म्हणत. जन्म १९२३ साली क्रोएशियातल्या देस्ने नावाच्या खेड्यात, अकरा भावंडांमधला शेवटचा. झाग्रेबच्या विद्यापीठात तो द्राक्षशेती आणि वाइन शिकला. साम्यवादी युगोस्लाव्हियातून बाहेर पडून तो आधी पश्चिम जर्मनीत, मग कॅनडात आणि १९५८ साली नापात पोचला. तिथे वेगवेगळ्या मळ्यांवर पडेल ते काम करत, एकेक गोष्ट शिकत तो पुढे आला. १९७२ साली जिम बॅरेट आणि भागीदारांनी मोंतेलेना नव्याने सुरू केले, तेव्हा वाइन करण्याची जबाबदारी ग्रगिचकडे आली. त्या शार्दोनेची बरीचशी द्राक्षेही मोंतेलेनाच्या मळ्यातली नव्हती, शेजारच्या सोनोमा भागातल्या शेतकऱ्यांकडून विकत घेतलेली होती. थोडक्यात, ज्या बाटलीने फ्रान्सला हरवले तिच्यात दुसऱ्यांच्या शेतातली द्राक्षे होती आणि एका निर्वासिताचे कसब होते.

चित्रपटात ग्रगिच नावाचे पात्रच नाही. वाइन घडवताना दिसतो तो जिम बॅरेट. बापाने जिवाचे रान केले, मुलाने वेळेवर शहाणपण दाखवले, आणि अमेरिका जिंकली. पडद्यामागे करारमदारांच्या, परवानगीच्या काही अडचणी असतीलही. त्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. त्याला दिसते ते एवढेच की जगातली उत्तम वाइन एका गोऱ्या अमेरिकन बापलेकांनी केली. खऱ्या स्परियरनेही या चित्रपटाला जाहीर विरोध केला होता आणि आपल्याबद्दलचे बरेचसे बनावट असल्याचे सांगितले होते. त्याच्या तक्रारीत स्वतःच्या चित्रणाचा भाग मोठा होता. पण त्याच्याजवळ निदान एक पात्र तरी होते, रिकमनसारख्या नटाने केलेले. ग्रगिचला तेही मिळाले नाही.

लाल वाइनचे काय? त्यात पहिल्या आलेल्या ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’चे संस्थापक वॉरन विनियार्स्की हे पोलिश वंशाचे. शिकागोच्या विद्यापीठातले अध्यापन सोडून ते १९६४ साली कुटुंबासह नापात आले आणि शून्यापासून शिकले. पुस्तकातून मातीकडे गेलेला हा शिक्षक स्वतःच एका चित्रपटाचा नायक होऊ शकला असता. ‘बॉटल शॉक’ने त्यांचा विजय बाजूला ठेवला आहे. चित्रपट पाहून उठणाऱ्याला वाटेल की त्या दिवशी पॅरिसमध्ये फक्त पांढऱ्या वाइनची स्पर्धा होती. ग्रगिच आणि विनियार्स्की ही दोन्ही आडनावे अमेरिकन कानाला परकी. ती दोन्ही पडद्यावर आली नाहीत, हा योगायोग असेल. पण योगायोगसुद्धा बहुधा एकाच बाजूला झुकतात, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे.

एक परका माणूस मात्र चित्रपटात आहे, तो गुस्ताव्हो. मद्यगृहात बसून, बाटली न पाहता, केवळ चवीवरून वाइन ओळखून तो पैजा जिंकतो. म्हणजे पॅरिसमध्ये जे पुढे घडणार आहे ते एका शेतमजुराच्या घरातला मुलगा आधीच करून दाखवतो. मातीत वाढल्याशिवाय ही विद्या येत नाही, असे तो मालकाच्या मुलाला सुनावतो, तो प्रसंग साऱ्या चित्रपटात मला सर्वांत ताकदीचा वाटला. रॉड्रिग्ज यांनी तो राग आतल्या आत ठेवून बोलून दाखवला आहे. पण पटकथा त्याला लगेच प्रेमाच्या त्रिकोणात ढकलते, आणि त्याची स्वतःची वाइन हे एक उपकथानक होऊन राहते. खरा गुस्ताव्हो ब्रांबिला डेव्हिसच्या विद्यापीठात वाइनचे शास्त्र शिकून मोंतेलेनात आला. १९७३ च्या त्या बाटलीत त्याचा हात नव्हता. पुढे तो ग्रगिचबरोबर काम करू लागला आणि नंतर त्याने स्वतःच्या नावाची वाइन काढली. खऱ्या आयुष्यात परस्परांना धरून उभे राहिलेल्या या दोन परक्यांपैकी चित्रपटाने एकाला वगळले आणि दुसऱ्याला शोभेपुरते ठेवले.

आणि जे या दोघांच्याही मागे होते त्यांचा तर उल्लेखही नाही. कॅलिफोर्नियातली द्राक्षे कापणारे हात मुख्यतः मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांचे होते. १९६५ साली डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला, सीझर चावेझ यांच्या संघटनेने त्यात साथ दिली, आणि द्राक्षांवर बहिष्कार टाकण्याची ती हाक अमेरिकेतल्या घराघरांत पोचली. पाच वर्षांनी, १९७० साली, मळेमालकांना करार करावे लागले. १९७५ साली, म्हणजे पॅरिसच्या निवाड्याच्या एक वर्ष आधी, शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला. डेलानो नापापासून दूर आहे आणि तिथली द्राक्षे मुख्यतः खाण्याची, हे खरे. परंतु त्या काळातला कॅलिफोर्नियाचा मळा दाखवायचा आणि त्या हवेत भरून राहिलेल्या या लढ्याचा वाराही लागू द्यायचा नाही, हे जमवायला बराच प्रयत्न करावा लागतो. मिलर यांच्या कॅमेऱ्याने टेकड्यांवरून सोनेरी प्रकाशात खूप घिरट्या घातल्या आहेत. त्या उंचीवरून वेली सुंदर दिसतात, वाकलेल्या पाठी दिसत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे, कलावंताला स्वातंत्र्य हवे. मान्य. ‘मुघल-ए-आझम’मधली अनारकली इतिहासात शोधायला गेलो तर हाती दंतकथाच लागते, म्हणून १९६० सालच्या त्या चित्रपटाची महत्ता कमी होत नाही. ‘बॉटल शॉक’मध्येही हॉटेलातला कार्यक्रम उघड्या माळावर नेला आहे, सॅम ही मुलगी कल्पनेतली आहे, निवाड्याला बो हजर दाखवला आहे. यांपैकी कशानेही कोणाचे काही बिघडत नाही. तेव्हा प्रश्न स्वातंत्र्य घ्यावे की नाही हा नाही. ते कोणाच्या खात्यातून घेतले, हा आहे. अनारकली रचताना कोणाचा हक्क हिरावला गेला नाही. इथे मात्र एका जिवंत माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई दुसऱ्याच्या नावावर चढली. चित्रपट आला तेव्हा ग्रगिच पंचाऐंशीच्या घरात होता आणि नापातच राहत होता. शिवाय हा चित्रपट नाव आणि न्याय याच विषयावर आहे. ज्या कसोटीवर त्याने फ्रान्सला उभे केले त्याच कसोटीवर त्याला उभे करणे, हा त्याच्यावर अन्याय म्हणता येणार नाही.

चित्रपटातली आणखी एक गोष्ट मला खटकते, आणि ती आपल्या वाङ्मयीन व्यवहारालाही लागू आहे. नापाची वाइन चांगली आहे हे पटायला पॅरिसचा शिक्का का लागावा? १९७५ साली ती वाईट होती आणि १९७६ च्या मे महिन्यात अचानक चांगली झाली, असे तर नाही. ती तशीच होती. ती चाखणारे बदलले. केंद्राने मान्यता दिली की कडेचा माणूस स्वतःच्या मालाकडे नव्या नजरेने पाहू लागतो. हे मानवी आहे, पण यात धोकाही आहे. केंद्राच्या चवीला उतरेल तेच आपण घडवू लागतो. नापाच्या मळेवाल्यांनी बुर्गुंडी आणि बोर्दोच्याच द्राक्षांपासून, त्यांच्याच तऱ्हेची वाइन करून त्यांना हरवले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दुसऱ्याच्या मापाने जिंकणे हा विजयच आहे, फक्त तो शेवटचा नव्हे. आपल्या बोलीत, आपल्या घरातले, दखनी-उर्दूच्या वळणाचे मराठी लिहिणाऱ्याला हा फरक अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

चित्रपटाच्या अखेरीस स्परियर एक भाकीत करतो : आता जगाच्या अनेक कोपऱ्यांतून वाइन येईल. त्या यादीत भारताचेही नाव आहे. हे भाकीत पटकथाकारांनी २००८ साली मागे वळून लिहिलेले, त्यामुळे ते खरे ठरण्यात नवल नाही. नाशिकमध्ये ‘सुला’ उभी करणारे राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकून-राहून आलेले, आणि वाइन करण्यासाठी त्यांनी सल्लागारही तिकडचाच आणला. २००१ साली महाराष्ट्र शासनाने या उद्योगासाठी खास धोरण आखले. त्या धंद्याच्या बऱ्या-वाईटाची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. एवढेच म्हणायचे की नापाची कथा आपल्या जिल्ह्यांपर्यंत येऊन पोचली आहे, आणि उद्या कोणी नाशिकच्या द्राक्षांवर चित्रपट काढला तर हंगामात छाटणीला आणि तोडणीला येणाऱ्या मजुरांना त्यात जागा असेल का, हे आपण आजच विचारून ठेवायला हरकत नाही.

काळाने या प्रकरणात आपला न्याय थोडा केला आहे. विजयानंतर वर्षभराने, ४ जुलै १९७७ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी ग्रगिचने भागीदारीत स्वतःची वाइनरी काढली, आणि बाटलीवर आपले आडनाव घातले. ज्या दोन बाटल्यांनी पॅरिसमध्ये बाजी मारली त्यांच्या प्रती अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत. आणि युरोप सोडताना ग्रगिचने बरोबर आणलेली सूटकेस व त्याची टोपीही त्याच संग्रहालयाने जतन केली आहे. जिम बॅरेट २०१३ साली, रिकमन २०१६ साली, स्परियर २०२१ साली गेले. ग्रगिच शंभर वर्षे पूर्ण करून डिसेंबर २०२३ मध्ये गेला. त्यानंतर सहा महिन्यांनी विनियार्स्कीही गेले. आता या कथेतील मुख्य माणसांपैकी बहुतेक जण साक्ष द्यायला उरलेले नाहीत. उरला आहे तो चित्रपट, आणि सामान्य माणूस इतिहास शिकतो तो बहुतेक वेळा चित्रपटातूनच.

म्हणून ‘बॉटल शॉक’ पाहूच नये असे मी म्हणणार नाही. रिकमनसाठी, गुस्ताव्होच्या त्या एका प्रसंगासाठी, आणि नाव झाकून पारख करण्याचे धैर्य काय घडवू शकते हे समजण्यासाठी तो पाहण्याजोगा आहे. अध्यापक विद्यालयात मूल्यमापनाचा तास घेताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. फक्त तो पाहताना एक गोष्ट विसरू नये. उत्तरपत्रिकेवरचे नाव आपण झाकतो ते तपासणीपुरते. गुण देऊन झाले की क्रमांकाची फीत उघडावी लागते, आणि ज्याचे गुण त्याच्याच नावापुढे लिहावे लागतात. निकालाचा तोही भाग आहे, आणि या चित्रपटाने तो पुरा केलेला नाही.